नंदी किती काळा?

माझा कॅमेरा धडधडीत खोटं बोलतो. निक्कोरची १०५ मिलिमीटरची जुनी लेन्स त्याच्या तोंडाशी घट्ट बसलेली असते, बसताना ‘खट्’ वाजलेलं असतं, अर्ध्या किलोला थोडं कमी असं काचेचं नि धातूचं ओझं माझ्या डाव्या तळहातावर असतं, आणि पडद्यावर अक्षरं येतात, ‘लेन्स नॉट अटॅच्ड’. वरची चकती ‘एम’ सोडून दुसऱ्या कशावरही असली की शटर दाबलंच जात नाही. लेन्सच नाही तर फोटो कसला? त्याच्या बाजूनं ते बरोबरच आहे.

मी वाईत राहते. निवृत्त होईपर्यंत कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही भारतीय तर्कशास्त्र जास्त. केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश सिद्ध केला तो या गावात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचा संसार मांडला तोही इथेच. अशा गावात राहून कुणी ‘नाही’ म्हटलं की ‘कशावरून?’ हे तोंडातून निघून जातंच. मग ते म्हणणारं यंत्र का असेना.

टेबलावर तांब्या नाही हे मला कशानं कळतं? डोळ्यांना तर नुसतं टेबल दिसतं. मीमांसक कुमारिल भट्टांचं म्हणणं असं, की अभाव कळायला एक वेगळंच प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, लागतं, अनुपलब्धी. पण त्याला एक अट आहे. ती वस्तू तिथे असती तर जाणवलीच असती, अशा जातीची हवी. तांब्या असता तर दिसला असता; दिसत नाही, म्हणून नाही. पिशाच्चाबद्दल असं बोलता येत नाही, कारण ते असतं तरी दिसलं नसतं. बौद्ध तार्किकांनी हा पिशाच्चाचा दाखला फार आवडीनं वापरला आहे. आता माझा कॅमेरा निकॉन डी ५३००, म्हणजे २०१३ सालचा. लेन्सच्या मागच्या कड्यावर विजेच्या टिकल्या असतात, त्यांतून जी लेन्स बोलते तेवढीच याला कळते. निकॉननं १९७७ मध्ये आणलेल्या एआय पद्धतीच्या या लेन्सला टिकल्याच नाहीत. त्याच्या लेखी ती पिशाच्च आहे. असली तरी जाणवली नसती. आणि तरी तो ‘नाही’ म्हणतो, ‘मला कळत नाही’ असं म्हणत नाही. माणसांतही हा दोष पाहिला आहे, पण माणसाला निदान अडखळायला तरी होतं.

चकती ‘एम’वर आणली की तो गप्प बसतो आणि शटर उघडू देतो. पण अ‍ॅपर्चरच्या जागी ‘एफ’ आणि पुढे दोन आडव्या रेघा. उजेड मोजायचा काटाही झोपलेला. महागड्या बॉडींना लेन्सच्या रिंगशी जुळणारी एक छोटी खुंटी असते, तिच्यातून त्यांना कळतं की रिंग कुठे फिरवली आहे. माझ्याकडे ती नाही. म्हणजे रिंग मी फिरवायची, शटर मी ठरवायचं, आणि बाहेर उजेड किती आहे हेही मीच सांगायचं.

लेन्स दिली अण्णांनी. बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्ट, आणि शाळांचे गटफोटो. मोबाइल आल्यावर धंदा बसला, दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यांनी लेन्स हातात ठेवली आणि म्हणाले, “बाई, ही घ्या. तुमच्या कॅमेऱ्यात हिच्यावर मीटर चालायचं नाही. आणि ते बरंच आहे.”

“बरं कसं?”

“मीटर म्हणजे तलाठ्याची पैसेवारी हो. सगळ्या गावाची मिळून बावन्न पैसे लागली, की दुष्काळ नाही. मग तुमचं एकट्याचं शिवार जळून का जाईना.”

शेतीची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नासच्या वर गेली की सवलती मिळत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं थोडं रान आहे जवळच. उपमा चपखल आहे. मीटर समोरून परत येणारा प्रकाश मोजतो आणि गृहीत धरतो की समोर जे काही आहे ते सरासरीनं मधल्या करड्या रंगाचं आहे. फोटोग्राफर जे करडं कार्ड बाळगतात ते अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत पाठवतं. तसंच काहीतरी जगभर पसरलेलं आहे, अशी मीटरची श्रद्धा. पांढरी साडी समोर आली तर तो म्हणतो, उजेड फार झाला, आणि साडी मळकट करून टाकतो. काळी म्हैस आली तर म्हणतो, अंधार आहे, आणि म्हशीला राखाडी करतो.

माझ्यासाठी ती म्हैस म्हणजे काशीविश्वेश्वराचा नंदी. वाईला येणारे लोक ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन परततात, शेजारच्या विश्वेश्वराकडे थोडेच वळतात. तिथला नंदी काळ्या दगडाचा, घोटून गुळगुळीत केलेला. गळ्यातल्या घंटांच्या माळा दगडातच कोरलेल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी पाठीवर एक तुकतुकी आलेली. कॅमेऱ्यासोबत आलेली प्लॅस्टिकची लेन्स लावून, सगळं कॅमेऱ्यावर सोपवून फोटो काढला की नंदी सिमेंटचा दिसतो. बाजूचा मंडप उजळून निघतो आणि नंदीच्या कपाळावर कुणी वाहिलेलं तगरीचं फूल नुसता पांढरा ठिपका होतं. त्या ठिपक्यात पाकळी शोधून सापडत नाही. कॅमेऱ्यातला प्रत्येक बारीक कण प्रकाश साठवत जातो, चौदा बिटांच्या नोंदीत १६,३८३ पर्यंत मोजतो आणि तिथे भरतो. त्यापुढे कितीही प्रकाश आला तरी नोंद तीच. सावलीत दाणेदार का होईना, काहीतरी उरतं, मागाहून उजळून बघता येतं, संशयाला जागा असते. भरून गेलेल्या पांढऱ्यात संशयालाही जागा नाही.

न्यायदर्शनाच्या पंडितांकडे, नैयायिकांकडे, या चुकीचं नेमकं निदान आहे. धूर आहे तिथे अग्नी असतो, हे खरं. उलट, अग्नी आहे तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. ही जी चोरून आत शिरलेली अट, तिला ते उपाधी म्हणतात. अनुमान करणाऱ्याच्या ती लक्षात आली नाही की अनुमान कोसळतं. ‘प्रकाश कमी परत आला, म्हणजे उजेड कमी आहे’ या मीटरच्या अनुमानातली उपाधी म्हणजे वस्तूचं करडेपण. नंदी करडा नाही. उजेड भरपूर आहे, दगड तो परत देत नाही, एवढंच.

अण्णांचा नियम नंदीला काही विचारतच नाही. कडक ऊन असेल तर एफ १६, आणि फिल्मचा जो नंबर तेच शटर. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. ऊन विरळ झालं की ११, ढगाळ पण लख्ख असेल तर ८, दाट ढगात ५.६, उघड्या सावलीत ४. कोडॅकच्या फिल्मच्या खोक्यात असं कोष्टक असायचं, ते अण्णांना तोंडपाठ. हा नियम पडणारा उजेड सांगतो. ज्याच्यावर पडतो त्याचा रंग त्याला कळत नाही. म्हणून काळं काळं राहतं. नंदीमंडपाच्या सावलीत मी आयएसओ ४०० ठेवते, एफ ४, शटर चारशेवा भाग. वर छप्पर आहे म्हणून आणखी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, देऊन दोनशेवा. नंदी काळा येतो, पाठीवर आकाशाची एक निळसर रेघ येते, आणि तगरीच्या पाकळ्या मोजता येतात.

तिथल्या गुरवांना मी दोन्ही फोटो दाखवले. काळा बघून ते म्हणाले, “यात काय दिसतंय हो बाई?” सिमेंटचा त्यांना आवडला, त्यात माळेतली घंटा न घंटा दिसत होती. त्यांना तो छापून लावायचा होता. न्यायदर्शनाची कसोटी अशी, की ज्ञानाप्रमाणे वागून काम फत्ते झालं तर ज्ञान खरं. गुरवांचं काम सिमेंटच्या नंदीनं झालं. तेव्हा मला वाटलं, ही कसोटी जितकी साधी वाटते तितकी नाही, कारण काम कुणाचं हे आधी विचारावं लागतं. अजूनही वाटतं. पण मूळ प्रश्न याच्याही मागचा आहे.

मी रिंग ४ वर आणते आणि मनात म्हणते, ‘उजेड एवढा आहे.’ हे खरं आहे हे मला कशावरून कळलं? आपल्याकडे या प्रश्नावर हजारएक वर्षं भांडण चाललं. प्रामाण्य स्वतः की परतः, असं त्याचं नाव. मीमांसक म्हणतात, ज्ञान उपजतं तेच खरं म्हणून. खरेपणासाठी त्याला दुसऱ्याची सही लागत नाही. खोटं ठरवायला मात्र बाहेरून कुणीतरी यावं लागतं, आणि ते दोन वाटांनी. एक तर पुढचं ज्ञान येऊन त्याला बाध आणतं, नाहीतर ज्या साधनानं ते झालं त्या साधनातच दोष असल्याचं कळतं. नैयायिक म्हणतात, छे, ज्ञान हे नुसतं ज्ञान. खरं की खोटं ते पुढे वागल्यावर कळणार. लांब पाणी चमकतंय, तर जा आणि पिऊन बघ.

‘पिऊन बघ’ हे डिजिटल कॅमेऱ्यावर एका सेकंदात होतं. फोटो काढायचा, बटण दाबून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघायचा. डोंगर डावीकडे आपटला असेल तर अंधार, उजव्या भिंतीला चिकटला असेल तर पांढरं वाहून गेलं. रिंग एक टक फिरवायची, पुन्हा काढायचा. त्यामुळे वरवर बघता माझा कॅमेरा पक्का नैयायिक. अण्णांच्या पिढीला हे पिऊन बघणं फिल्म धुतल्यावर मिळायचं, तोवर नवरा-नवरी गावी गेलेले असायचे. ते मनानं मीमांसक नसते तर दुकान चाललंच नसतं.

आणि साधनातला दोष म्हणाल, तर वाईच्या पावसाळ्यात तो दरवर्षी भेटतो. जुन्या लेन्सच्या काचेत बुरशीचे बारीक तंतू उतरतात, पात्यांवर तेलाचा ओशटपणा येतो. पाती आळसावली की रिंगवर ८ असतं, पण शटर उघडतं तोवर पाती आठपर्यंत मिटलेलीच नसतात. फोटो फिकट येतो आणि माणूस उजेडाला दोष देत बसतो. याची परीक्षा घरी करता येते. पांढऱ्या भिंतीवर उजेड स्थिर असताना ४ वर पाचशेवा भाग, ५.६ वर अडीचशेवा, ८ वर सव्वाशेवा, ११ वर साठावा, १६ वर तिसावा. प्रत्येक टकीला छिद्राचं क्षेत्रफळ निम्मं आणि वेळ दुप्पट, म्हणजे पाचही फोटो सारखे उजळ यायला हवेत. एखादा वेगळा आला की समजावं, पाती कुठे अडली.

इथे बौद्ध दार्शनिक नागार्जुन आडवा येतो. विग्रहव्यावर्तनीत त्यानं नैयायिकांना गाठलं आहे: तुमची प्रमाणं जगाची परीक्षा करतात, ठीक, प्रमाणांची परीक्षा कोण करतं? दुसरी प्रमाणं म्हणाल तर त्यांचीही कुणीतरी करायला हवी, याला अंत नाही. आणि प्रमाणं स्वयंसिद्ध म्हणाल तर बाकीच्या जगानंच काय घोडं मारलंय? भिंतीनं लेन्स तपासली, मग भिंतीवरचा उजेड त्या पाच फोटोंत हलला नाही हे कुणी तपासलं? हिस्टोग्राम बरोबर आहे हे कशावरून?

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याच जातीच्या आक्षेपाला तराजूचा दाखला दिला आहे. सोनं तोलताना तराजू प्रमाण असतो, पण त्याचा संशय आला की वजन माहीत असलेल्या सोन्यानं तराजूच तोलता येतो. तेव्हा तो प्रमेय, म्हणजे जे जोखायचं ते, होतो. वस्तू तीच, भूमिका बदलते. मला हे उत्तर फार शहाणपणाचं वाटतं, आणि ते नागार्जुनाचं समाधान करणार नाही हेही दिसतं. कारण सगळ्यांना एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची मुभा त्यात नाही. भिंतीपुढे मी लेन्स तपासते तेव्हा हिस्टोग्रामवर विश्वास ठेवते. हिस्टोग्राम तपासायचा असेल तर दुसऱ्या दिवशी तपासीन, तेव्हा लेन्सवर विश्वास ठेवून. कुणावरच विश्वास न ठेवता केलेली परीक्षा मला अजून कुणी करून दाखवलेली नाही, नागार्जुनानंही नाही. कुमारिल तर व्यवहारी माणूस, तो म्हणून गेला आहे की अशा तपासण्यांची साखळी तीनचार ज्ञानांपलीकडे न्यावी लागत नाही. घाटावर नव्या जागी उभं राहिलं की नेमके तीनचार क्लिक लागतात. सातव्या शतकातल्या मीमांसकाचा हा आकडा मला फार पटतो.

वेदान्ती मंडळी इथे साक्षीला, म्हणजे सगळं नुसतं बघणाऱ्या जाणिवेला, बोलावतात. मी बोलवत नाही. पुरावा कमी पडला की साक्षीदार उभा करायचा, ही सवय कोर्टातली.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची एक गोष्ट या वादात आणून बसवावीशी वाटते. ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हा त्याचा फोटो जगात गाजला. संध्याकाळी गाडीतून जाताना त्याला एक खेडं दिसलं, दफनभूमीतले पांढरे क्रूस मावळत्या उन्हात उजळलेले, वर चंद्र. घाईघाईनं मोठा कॅमेरा उभा केला आणि लाइट मीटर सापडेना. ऊन क्रुसांवरून उतरत होतं. त्याला आठवलं की चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला अडीचशे कँडल असते. त्या एका आकड्यावरून त्यानं हिशेब केला, एफ ३२, एक सेकंद. एक फोटो झाला, दुसऱ्यासाठी फिल्मचा होल्डर उलटवेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. हा प्रसंग कुठल्या सालचा हे त्याला स्वतःला नीट आठवत नसे. पुढे खगोलाच्या अभ्यासकांनी त्याच फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून तारीख काढली, १ नोव्हेंबर १९४१.

‘पिऊन बघ’ म्हणायला त्या संध्याकाळी दुसरी संधीच नव्हती. म्हणजे नैयायिक इथे निरुपयोगी. पण मीमांसकाचंही पूर्ण जमत नाही, कारण अ‍ॅडम्सला समोरचा उजेड पाहून ज्ञान झालं नव्हतं. झालं ते स्मरणातून. आणि स्मृती ही प्रमाण नव्हे, यावर न्याय आणि मीमांसा दोघांचंही एकमत. जुनं अनुभवलेलं पुन्हा डोक्यात आलं, त्यात नवं काय कळलं? आपल्याकडे स्मृतीला प्रमाणांच्या पंक्तीला बसवलं ते जैनांनी. त्यांच्या यादीत स्मृती आहे, ‘तोच हा’ अशी ओळख आहे, तर्क आहे, अनुमान आणि आगमही.

प्रामाण्याच्या भांडणातही जैन तार्किक माणिक्यनंदींचं परीक्षामुख हे सूत्रबद्ध पुस्तक वेगळीच वाट धरतं: प्रामाण्य स्वतःही आणि परतःही. टीकाकार उलगडून सांगतात, की सवयीच्या परिस्थितीत ते आपोआप कळतं, बिनसवयीच्या परिस्थितीत बाहेरून. आपल्या गावचं तळं असेल तर पाणी दिसताक्षणी पाणी. परक्या मुलखात बगळे, कमळं, गार वारा बघून ठरवायचं. परीक्षेत मुलं यावर पाच मार्कांची टीप लिहायची आणि बहुतेकजण शेवटी ‘अशा रीतीने जैनांनी समन्वय साधला’ असं लिहून मोकळी व्हायची. मला यात समन्वय दिसत नाही. दोन पक्ष विचारत होते की खरेपणा ज्ञानात असतो की बाहेर. जैनांनी विचारलं, ज्ञान कुणाला झालं, आणि कुठे? तोच उजेड, तीच लेन्स. कृष्णेच्या घाटावर हिवाळ्यात सकाळी नऊला रिंगवर माझा हात आपोआप जातो. कोकणात समुद्रावर गेले की तोच हात बावचळतो, कारण वाळू खालून उजेड परत फेकते. तिथे मी हिस्टोग्राम बघितल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

मात्र सवयीवर एवढा भार टाकायचा तर तिची कमजोरीही सांगितली पाहिजे. खंडग्रास सूर्यग्रहणात ती उघडी पडते. सूर्याचा तीनचतुर्थांश भाग झाकला गेला की प्रकाश दोन स्टॉप उतरतो. आकाश निरभ्र असतं, सावल्या रेखीव पडलेल्या असतात, नदीत ग्रहणाचं स्नान करणारे लोक नेहमीसारखेच लख्ख दिसतात; डोळा हळूहळू जुळवून घेत गेलेला असतो आणि आपण जुळवून घेतलं हे तो मालकाला कळवत नाही. सवय म्हणते, कडक ऊन, एफ १६. फोटो काळवंडलेला येतो. अशा वेळी झोपलेला मीटर जागा असता तर बरं, असं अण्णाही कबूल करतील. अभ्यासदशा, म्हणजे सवयीची परिस्थिती, कुठे संपली आणि बिनसवयीची अनभ्यासदशा कुठे सुरू झाली, याची पाटी लावलेली नसते. ही जैन मतातली खरी अडचण, आणि प्रभाचंद्रांचा प्रमेयकमलमार्तंड हा परीक्षामुखावरचा टीकाग्रंथ वाचूनही ती माझ्यापुरती सुटलेली नाही.

एवढं सगळं भांडण लोकांनी उजेडासाठी केलं नव्हतं, वेदासाठी केलं होतं. स्वर्ग हवा असेल त्यानं यज्ञ करावा, हे वाक्य खरं की खोटं हे यज्ञ करून बघता येत नाही, फळ मेल्यानंतरचं. ‘पिऊन बघ’ इथे लागू नाही. म्हणून मीमांसकांना स्वतःप्रामाण्य हवंच होतं. वेदाला कर्ता नाही, त्यामुळे कर्त्याचा दोष नाही. बाध आणणारं ज्ञान मेल्याशिवाय येणार नाही. तेव्हा वेद खरा. रचना बिनचूक आहे. फक्त एवढंच, की जिथे बाध येण्याची वाटच बंद आहे तिथे बाध आला नाही याचं कौतुक ते काय?

नैयायिकांनी दुसरा रस्ता घेतला. सूत्रकार गौतम म्हणतात, मंत्र आणि आयुर्वेद यांचा गुण येतो हे आपण बघतो. ते सांगणारा आप्त, म्हणजे जाणकार माणूस, विश्वासू ठरला. तर त्याच आप्ताची न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची वाक्यंही खरी मानावीत. तपासता येण्याजोग्या जागी शब्द खरा ठरला, म्हणून तपासता न येण्याजोग्या जागीही. मी हे वर्गात शिकवायची तेव्हा ते मला समंजस वाटायचं. अण्णांशी गाठ पडल्यापासून थोडं सावध झाले आहे. उजेडाबद्दल त्यांचा शब्द कधी खाली पडत नाही. पण गुडघेदुखीवरही त्यांचं एक औषध आहे, कुठल्याशा पाल्याचा काढा, आणि ते म्हणतात, “बाई, उन्हाचं माझं ऐकता, मग याचं का नाही?” गौतमांच्या सूत्राप्रमाणे ऐकायला हवं. उलट बाजूनं हेही खरं, की अण्णांनी अजून न पाहिलेल्या उजेडाबद्दल, समजा बर्फावरच्या, काही सांगितलं तर मी ते डोळे मिटून घेईन. आप्ताचा अधिकार कुठवर पोचतो, हे मला धर्माच्या प्रश्नांतलं सगळ्यात अवघड वाटतं. ईश्वर आहे की नाही यापेक्षाही. कारण बहुतेक माणसं देवावर विश्वास ठेवतात तो आधी आईवर ठेवलेला असतो म्हणून, आणि आईचं दूध-भाताबद्दलचं सगळं खरं ठरलेलं असतं.

घाटावर लोक या प्रश्नाला कसं तोंड देतात ते मी बघत आले आहे. खालच्या अंगाला दहाव्याचे विधी चालतात. पिंड ठेवतात आणि सगळं घर लांब उभं राहून कावळ्याची वाट बघतं. मीमांसकाला याची गरज नाही. विधी शास्त्राप्रमाणे झाला, फळ मिळणारच, कावळा आला काय न आला काय. पण माझी गावातली माणसं मीमांसक नाहीत, त्यांना आत्ता, इथे, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं. कावळा येत नसला की कुणीतरी पुढे होऊन मोठ्यानं सांगतं, “धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नका.” पुन्हा वाट. तरीही नाही आला, उन्हं चढली, गुरुजींना पुढचं काम आहे, की दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. ज्या परीक्षेत नापास व्हायची सोयच नाही ती परीक्षा कुठलाही नैयायिक मान्य करणार नाही. आणि अस्सल कावळा आला तरी काय सिद्ध होतं? कावळ्याला भूक लागली होती, एवढंच. अनुमानाचा आधार, ज्याला न्यायात हेतू म्हणतात, तो दोन्हीकडे लागू पडतो, म्हणजे कुठेच नाही. तिथे मी कॅमेरा कधी पिशवीबाहेर काढत नाही, पण बघते.

आईच्या दहाव्याला कावळा लगेच आला. गुरुजी मागे सरकले न सरकले तोच. माझा धाकटा भाऊ पुण्याला इंजिनिअर आहे, घरात देवाला हात न जोडणारा, तो म्हणाला, “झालं गं ताई. तिचं काही राहिलं नव्हतं.” वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. समोरच्या वडावर आणखी सातआठ कावळे बसले होते आणि आदल्या दोन पिंडांच्या भातावर त्यांची भांडणं चाललेली मला दिसत होती. हेतूतला दोष इतका स्वच्छ होता की वर्गात उदाहरण म्हणून द्यावा. मला हायसं वाटलं होतं, भावापेक्षा काकणभर जास्तच, आणि ते वाटणं खरं की खोटं हे मी कुठल्या तराजूवर घालायचं ते मला कुणी शास्त्र्यानं सांगितलेलं नाही.